सुईताईंनी थांबवलेलं वाचन

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या प्रयोगशाळेचे संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती सुईताई, त्यांचे यजमान, लेक आणि सहकारी मित्रहो,

ताईंचं खरं नाव हजेरीपटातच राहिलं. केसाहून बारीक तारा सूक्ष्मदर्शकाखाली चिपला जोडतात, म्हणून त्या सुईताई. हसू नका ताई, ही तर सुरुवात आहे.

मला सहा वर्षांपूर्वीची एकच सकाळ सांगायची आहे. चिपमध्ये कोंडलेल्या एकुलत्या एका इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याच्या इवल्याशा चुंबकाची दिशा, वर आहे की खाली, हे मी शंभरात नव्व्याण्णव वेळा अचूक वाचतो, असा माझा दावा होता. स्पिन वर असेल तर इलेक्ट्रॉन जागेवरून निसटतो आणि पडद्यावरची रेघ उडी मारते. खाली असेल तर रेघ सपाट. अकराला निधी देणारे पाहुणे ते बघायला येणार होते. त्यांचा होकार मिळाला नाही, तर आमचं काम तिथेच थांबणार होतं.

साडेदहाला ताई आल्या. "सर, इलेक्ट्रॉन काढून, जागा रिकामी करून एकदा बघता का?"

"आत्ता? ताई, पाहुणे फाटकापाशी आलेत!"

"स्पिन वर करायचा इशारा जातो ती तार आणि वाचनाची तार मी अगदी खेटून बसवलीय. परवा ध्यानात आलं, तेव्हापासून घास उतरत नाही. चूक असली तर माझी म्हणा, पण बघा."

संचालक महोदय, आपण दारातच उभे होतात. आपण एवढंच म्हणालात, "करा."

जागा रिकामी केली. इशारा दिला. खोलीत फक्त पंपाची धडधड. रेघ उडाली! पुन्हा दिला, पुन्हा उडाली. आत इलेक्ट्रॉनच नाही, मग उत्तर देत होतं कोण? इतके महिने आमचाच प्रश्न शेजारच्या तारेतून आमच्याकडे परत येत होता.

पाहुणे आल्या पावली परतले. दोन वर्षं आम्हाला कोणी दारात उभं केलं नाही. तारांचा आराखडा माझा होता, पण चौकशीत ठपका ताईंवर आला आणि त्यांची बढती हुकली. तारा लांब-लांब ठेवून त्यांनी सात चिपा नव्याने जोडल्या. सातव्या चिपमध्ये रिकाम्या जागेची रेघ सपाट राहिली. अचूक वाचन भरलं शंभरात ब्याण्णव. पण ते इलेक्ट्रॉनचं होतं.

आता बोलतो ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. त्या सकाळच्या दोन दिवस आधी हीच चाचणी मी एकट्याने केली होती. रेघ उडालेली पाहिली होती आणि ती नोंद पुसून टाकली होती. ताई, तुमच्यावर ठपका आला तेव्हाही मी गप्प बसलो. महोदय, तसं लेखी निवेदन मी आज सकाळी आपल्या टेबलावर ठेवलं आहे.

मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचे आणि शांतपणे ऐकल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभेने ते पोटात घालावं. बाकीचं पोटात घालायचं की नाही, हे ताई, तुम्ही ठरवा. घाई नाही.