सहावं बोट

वामनभाऊंच्या घरची मंडळी, एसटीतले त्यांचे सोबती, आणि या शोकसभेला जमलेले सगळेजण,

हातात ब्रश असला की मी शिडीवर दिवसभर उभा राहतो. इथं माईकसमोर दोन मिनिटं उभं राहणं अवघड. मी भिंती रंगवणारा पेंटर. भाषण माझं काम नाही. पण वहिनी म्हणाल्या, "तुमीच बोला, भाऊजी. तुमच्यासंगंच तं हिंडत होते ते." मग उभा राहिलो.

वामनभाऊ हिंगणीच्या गाडीवर कंडक्टर. आठवडाभर गाडीत उभा राहिलेला माणूस सुटीच्या दिवशी काय करील? झोपेल. हे पायी निघायचे. कुठं? वर्ध्याच्या भिंतींवरची चित्रं पाहायला!

आमची ओळखही भिंतीपाशीच झाली. कापूस बाजाराजवळ मी खताच्या जाहिरातीचा बैल काढत होतो. खाली एक माणूस तासभर उभा. शेवटी म्हणतो, "पेंटर, ह्या बैलाचा मांगचा पाय असा काऊन?" रंगाचा डबा त्याच्या डोक्यावर ओतावा असं वाटलं, खोटं कशाला सांगू? खाली उतरून पाहिलं. पाय चुकलाच होता.

तेव्हापासून मी त्यांच्यासोबत हिंडायला लागलो. आखाड्याच्या भिंतीवरचा पहिलवान, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, दवाखान्याचा लाल त्रिकोण. प्रत्येक चित्रापुढं थांबायचे. हे कोणी काढलं? हाच रंग काऊन? पुढं गुडघा दुखायला लागला, तर आटोरिक्षा करायचे. रिक्षावाला वैतागून विचारायचा, "काका, गाडी चालवू का ढकलू?" हे म्हणायचे, "हळू घे बाप्पा, चित्र पळून राह्यलं!"

मित्रहो, आता जे सांगतो ते मला जड जातं.

स्टेशन रोडवर एका धर्मशाळेच्या भिंतीवर कापूस वेचणारी बाई आहे. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. पुढं केलेल्या तिच्या हाताला सहा बोटं होती. अख्खं गाव हसायचं. मीही हसलो. दिवाळीच्या आधी धर्मशाळेच्या मालकानं मला तिथला रंग उजळायला सांगितला. मी सहावं बोट पुसलं. आणि खाली माझं नाव टाकलं! दुसऱ्याच्या चित्राखाली, माझं नाव.

वामनभाऊंनी ते पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुसायच्या आधी कोनाले विचारलं का?"

मी म्हटलं, "चूक दिसते, त्यात विचारायचं काय?"

काही महिन्यांनी हिंगणीच्या गाडीत तिकिटासाठी एक हात पुढं आला. भाजीची टोपली घेतलेली बाई. हाताला सहा बोटं. दुसरा कोणी असता तर नजर वळवली असती. वामनभाऊ? त्यांनी सरळ त्या चित्राचं विचारलं. त्या बाई, गिरजाबाई, हसल्या. म्हणाल्या, "माह्या मालकानं काढली नं मले भित्तीवर." त्यांचे यजमान भिंती रंगवायचे. वारले होते. घरात दोघांचा एक फोटो नाही. होतं ते एवढं एक चित्र.

वामनभाऊ त्यांना घेऊन भिंतीपाशी गेले. गिरजाबाईंनी भिंतीवरच्या हाताची बोटं मोजली. मग म्हणाल्या, "बोट नाई, मंग हे बाई कोन हाय?"

हे मला कळलं तेव्हा लाज वाटली. पण ते कबूल करवेना. वामनभाऊ दर सुटीला विचारायचे, "कवा काढतं ते बोट?" मी म्हणायचो, लोक पुन्हा हसतील. ते म्हणायचे, "हसू दे नं! हसतीन, मंग विचारतीन." मी म्हणायचो, उन्हाळा जाऊ द्या. पोळा होऊ द्या. आणि गेल्या गुरुवारी वामनभाऊच गेले.

आज सकाळी मी शिडी घेऊन गेलो. निरोप धाडला होता, गिरजाबाई पहिल्या गाडीनं आल्या. त्यांनी हात समोर धरला, मी पाहून पाहून बोट काढलं. माझं नाव पुसलं. आणि विचारलं, मालकांचं नाव काय?

त्यांनी मान खाली घातली. आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. वामनभाऊंना ते नाव ठाऊक असणार, नसतं तर त्यांनी कुठूनही काढलं असतं. मी इतके महिने विचारलंच नव्हतं. गिरजाबाईंनी पदर ओढून घेतला. लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव तोंडावर आलं नव्हतं, ते हळूच घेतलं.

"महादेव."

मी लिहायला लागलो, तर मागून म्हणाल्या, "मोठं लिहिजो, भाऊ. मले गाडीतून दिसलं पाह्यजे."

गिरजाबाई इथंच, मागच्या रांगेत बसल्या आहेत. वामनभाऊ, मला उशीर झाला. फार उशीर झाला. माफ करा.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. आणि घरी जाताना स्टेशन रोडवरून जा. रंग अजून ओला आहे.