उंबऱ्याच्या डावीकडची हातभर जमीन

कार्सो : ...आणि ही शिट्टी कशाला?

गालिह : संकटात वाजवायला, बाबा. फावड्याच्या दांड्यातच बसवून येते.

कार्सो : मग वाजव की. सासऱ्याच्या दारात, पहिल्याच घावाला जावयाचं फावडं मोडून पडलंय. याहून मोठं संकट कुठलं यायचंय?

गालिह : मोडलं नाही. घडी झालंय. घडीचंच आहे ते.

कार्सो : दगड बघून वाकलं म्हण. संस्कारी आहे. तीस वर्षं भट्टीपुढे बसलोय, पण जमिनीला नमस्कार करणारं अवजार घडवायचं काही मला सुचलं नाही.

गालिह : सतरा कामं करतं असं लिहिलं होतं. करवत आहे, होकायंत्र आहे, बाटलीचं बूच काढता येतं...

कार्सो : अठरावं राहिलं. खणायचं.

वेनिंग : (खिडकीतून) अहो, झालं का? सूर्य मावळायच्या आत मडकं जमिनीत जायला हवं. सुईण दोनदा बजावून गेलीय.

गालिह : होतंय, वेनिंग. तू पड जरा. सकाळीच बाळंत झालीयस.

वेनिंग : पडूनच आहे. खाट खिडकीशी ओढून घेतलीय. लेक झोपलीय, आणि बाहेर फुकट तमाशा चाललाय. झोप कशी लागेल?

कार्सो : आधी ते मडकं सावलीत सरकव. नातीची वार आहे त्यात. बाळाचं धाकटं भावंड असतं ते, लोणचं नाही उन्हात ठेवायला.

गालिह : सरकवलं.

कार्सो : मला एक सांग जावईबापू. तू लोहाराची पोरगी केलीस. मागच्या छपरात पहारी आहेत, टिकाव आहेत, कुदळी आहेत. आणि तू बेकासीहून रात्रभर बसमध्ये हे खेळणं मांडीवर घेऊन आलास?

गालिह : पोलादी आहे.

कार्सो : कसल्या पोलादाचं? बिस्किटाच्या डब्याच्या?

गालिह : उसन्या अवजारानं खणलं तर पोर जन्मभर उसनवारी करते, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. म्हणून स्वतःचं आणलं.

कार्सो : आता ती जन्मभर घडी होऊन पडेल.

वेनिंग : बाबा!

कार्सो : मी नाही म्हणत, वाडवडील म्हणतात. वार पुरताना बाप जे करतो ते पोरात उतरतं. इकडेतिकडे बघितलं तर पोर तिरळी निघते. शिवी घातली तर तोंडाळ. उगाच का त्याला नवं सारोंग नेसवून, टोपी घालून बसवलंय?

गालिह : म्हणून तर मी मघापासून नाकासमोर बघतोय. फक्त नाकासमोर तुमची पाण्याची टाकी आहे.

कार्सो : बरं. ही पहार घे.

गालिह : उभी धरली की छपराला लागते.

कार्सो : टिकाव?

गालिह : उगारला की टाकीला लागेल.

कार्सो : तो नकोच मग. टाकी फुटली तर पुढच्या पावसापर्यंतचं पाणी अंगणात. गाव म्हणेल, नात झाली म्हणून कार्सोनं सडा घातला. छिन्नी-हातोडी घे.

गालिह : चालेल. हिच्या लग्नापर्यंत होईल खड्डा. ते खुरपं द्या ना.

कार्सो : ते भुईमुगाचं. ही गुनुंगकिदुलची जमीन आहे बाबा, वर बोटभर माती आणि खाली पाताळापर्यंत चुनखडी. खुरपं चालवलंस तर तिला गुदगुल्या होतील.

गालिह : मग थोडं अलीकडे खणू का? उंबऱ्याला लागून जरा माती दिसतेय.

कार्सो : अलीकडे नाही. टाकीकडे सरक.

वेनिंग : टाकीकडे तर निव्वळ खडक आहे, बाबा.

कार्सो : खडकात पुरलं की पोरीचे पाय घट्ट राहतात.

गालिह : हेही वाडवडील म्हणतात?

कार्सो : आत्ताच म्हणाले.

वेनिंग : नाहीतर सरळ बेकासीला नेऊ मडकं. आमच्या शेजारणीनं कुंडीत पुरली लेकाची वार. तिसऱ्या मजल्यावर, मिरचीच्या रोपाखाली.

कार्सो : कुंडीत! म्हणजे घरमालकानं हाकललं की कुंडी उचलायची आणि टेम्पोत घालायची?

वेनिंग : घातली ना. वळणावर उलटली.

कार्सो : आणि पोरगा?

वेनिंग : तो बरा आहे. मिरची गेली.

गालिह : कुंडी नको.

वेनिंग : अहो, थट्टा केली.

गालिह : माहितीये. तरी नको. माझी वार दवाखान्याच्या बादलीत गेली. आईला विचारलं, कुठं पुरलीत? म्हणाली, नर्सला विचार. मी खरंच शोधून काढलं त्या नर्सला. ती म्हणाली, कुठली बादली? ईदला सगळे आपापल्या गावाला निघतात, मला विचारतात, तुझं गाव कुठलं? मी बसस्टँडचं नाव सांगतो. हिला कुणी विचारलं तर हिनं बोट दाखवायला हवं. इथं, हा दगड. मी हे आज खणणार, बाबा. शिट्टीनं खणावं लागलं तरी.

कार्सो : ...बस तिथंच. आलो.

वेनिंग : अहो, कुठं गेले ते?

गालिह : मला बघता येत नाही. पोरगी तिरळी होईल.

कार्सो : हे घे. ट्रकच्या पाट्यातून घडवलंय. विहिरीच्या तळाशी उकिडवं बसून खणणारे नेतात माझ्याकडून. दांडा मुठीपासून कोपरापर्यंत, वजन सगळं तोंडाशी. एका अंगाला चोच, दुसऱ्या अंगाला पातं.

गालिह : हे मघाशी का नाही दिलंत?

कार्सो : मघाशी तुझी सतरा कामं चालली होती.

गालिह : पण मग हे उसनं झालं.

कार्सो : परत देऊ नकोस. मग कसलं उसनं?

गालिह : यात होकायंत्र नाही.

कार्सो : जायचंय खाली. सापडेल. आता दगडाच्या छाताडावर नको मारूस, त्याला काही वाटत नाही. भेग शोध. चोच घाल, आणि पीळ.

गालिह : सापडली. पण ही तिरकी जातेय. उंबऱ्याकडे.

कार्सो : टाकीकडे घे.

गालिह : तुम्हीच सांगा तिला. माझं ऐकत नाही. हां... निघाला! अख्खा चिपा निघाला, बाबा! आणि खाली माती. मऊ. इथला दगड कुणीतरी आधीच फोडलाय.

कार्सो : थांब.

गालिह : खापर पण दिसतंय. मडक्याचा काठ आहे हा...

कार्सो : थांब म्हटलं ना! ठेव ते खाली!

गालिह : ठेवलं.

वेनिंग : काय झालं? बाबा? ओरडताय कशाला, उठेल ना ती. ...थांबा. मुलीची वार उंबऱ्याच्या डावीकडेच पुरतात. म्हणजे ते माझं मडकं आहे?

कार्सो : मला काय ठाऊक. खूप वर्षं झाली.

वेनिंग : तिथं कुणाला पाय ठेवू देत नव्हतात तुम्ही. आम्हाला वाटायचं, उंबरा झिजतो म्हणून.

कार्सो : उंबरा झिजतोच.

वेनिंग : मग हिचंही तिथंच ठेवा की, माझ्या शेजारी.

कार्सो : तिथं चोच घालायची नाही. पातंही नाही. मी घडवलेलं असलं तरी नाही.

गालिह : बाबा, सूर्य सागाच्या मागे गेला.

कार्सो : मला डोळे आहेत.

गालिह : टाकीकडे आता दुसरा खड्डा व्हायचा नाही. सांगा, काय वापरू?

कार्सो : ...हात वापर. दोन्ही. अंगठी काढून ठेव. कडेकडेनं माती ओढ, जुन्याला धक्का लावू नकोस.

गालिह : असं?

कार्सो : हळू. अरे हळू, माझी पोरगी आहे ती.

वेनिंग : बाबा, मी इथं खिडकीत आहे.

कार्सो : तू गेलीस बेकासीला. ही राहिली.