टायर बसले, मी उतरलो

हसा, हसा! तुम्ही बी हसा! सगळा औरंगपुरा हसून मोकळा झालाय, तुम्हीच कशाला मागं राहता? तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान हाय, चांगला शहाणासुरता माणूस नंबर काढायला येतो, मी त्याला खुर्चीत बसवतो, एक डोळा झाकून समोरची खालची ओळ वाचा म्हणतो, अन् तो एक डोळा झाकून मलाच काय विचारतो? "राजूभाऊ, त्या टायरचं खरं हाय का हो?" आरं बाबा, तुला समोरचा 'च' दिसंना, 'ज' दिसंना, अन् माझे टायर बरे दिसले रं तुला!

तर एकदाच सांगतो, नीट ऐका, परत विचारायचं नाय.

मला गाडीचा नाद. लहानपणापासनं. आमचे बाबा, मोतीराम, उभी हयात एसटी चालवली त्यांनी, म्हणजे स्टेअरिंग आमच्या रक्तातच. पण त्यांच्या रक्तात एसटी, माझ्या रक्तात स्पोर्ट्स कार! मिळाली एक. सेकंड हँड, लाल, दोन दारांची, मागची सीट फक्त नावाला. पुण्याच्या कुण्या पोरानं वापरलेली, अन् त्यानं आधीच स्प्रिंगा बदलून खाली बसवलेली. खाली म्हणजे किती खाली? मांजर आडवं गेलं तर लोकाला अपशकुन असतो, मला अपघात! बाबांनी गाडीकडं वरनं बघितलं. वरनंच बघावं लागतं. म्हणले, "राजेंद्र, ही गाडी हाय का पाट? हिच्यात बसायचं, का हिच्यावर जेवायला बसायचं?"

म्हणू द्या! पण तुम्हाला सांगतो, काय दिसत होती राव!

फक्त एक खोट. टायर. बारीक! आत गेलेले! एखाद्या पैलवानाला बगळ्याचे पाय लावल्यावानी. मला झोप लागंना. बायको म्हणती काय झालं, मी म्हणतो टायर, ती म्हणती झोपा. पण झोपायचं कसं? अशी गाडी म्हणल्यावर टायर कसे पाहिजेत? रुंद! बाहेर आलेले! गाडीनं छाती काढून उभं राहावं असे!

म्हणून गेलो रोशन गेटकडं, मुजीबभाईकडं. मुजीबभाई म्हणजे माणूस नाय, काडी. उन्हात उभे राहिले तर सावली शोधावी लागती. पण जिभेला हाड नाय, अन् भरवसा तर असा की विचारू नका. मी रुंद चाकं दाखवली, विचारलं, "भाई, बसतील का?" तर म्हणतात कसे, "कायकू टेन्शन लेते मियाँ? बैठ जाते ना!" चाक लावलं तर ते पत्र्याला टेकलं. "बैठ जाते!" पत्रा आतनं वाकवला. चाक बाहेर सरकवायला मधी एक जाड चकती घातली, तर चाक वरनं लागलं. "बैठ जाते मियाँ, नक्को घबराव!" अजून पत्रा वाकवला, आतलं प्लास्टिक काढून टाकलं, अन् एकदाचं बसलं! त्यांनी स्वतः चक्कर मारली. गाडी कशी? लोण्यावर सुरी! आवाज नाय, काय नाय. उतरले, चावी माझ्या हातात दिली, मी बसलो, गाडी हलवली, अन्...

खर्रर्रर्रर्र!

मुजीबभाईनी मला खालवर बघितलं. आता माझ्या अंगाचं म्हणाल तर मी खात्यापित्या घरचा माणूस हाय, आईच्या हातचं कधी नाय म्हणलो नाय. म्हणले, "देखो मियाँ, मैं बैठा तो आवाज नै आया. तुम बैठे तो आया. गाडी में कुछ बी नै है." म्हणजे? म्हणजे बिघाड कुठं हाय? माझ्यात? मी काय चेसिस हाय व्हय दुरुस्त करायला? वर सांगतात, "चलाते रहो, टायर घिसके खुद जगा बना लेंगा."

भांडायला तोंड उघडलं होतं मी. पण मागं सरकून गाडीकडं बघितलं... चारी टायर बाहेर, उन्हात लाल रंग, एखादा वाघ उडी मारायच्या आधी दबा धरून बसतो ना, तशी... तुम्हाला सांगतो, काय दिसत होती राव! तोंड मिटलं अन् घरी आलो. खर्रर्र करत.

मग मला एक शोध लागला. उजवीकडं स्टेअरिंग पुरं फिरवलं की टायर लागायचा, डावीकडं फिरवलं की लागायचा नाय! का? मुजीबभाईला ठाव नाय अन् मला बी नाय. पण मी काय केलं, उजवीकडं वळणंच सोडून दिलं! हर्सूलवरनं औरंगपुऱ्यात दुकानाला यायचं तर डावीकडं, डावीकडं, परत डावीकडं, निम्मं शहर हिंडून यायचो. एकदा बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं, दवाखाना रस्त्याच्या उजव्या अंगाला. तीनदा समोरनं गेलो! बाबा काचेतनं हात दाखवतात, "तो बघ दवाखाना... तो बघ, गेला... तो बघ, परत आला!" शेवटी म्हणले, "आरं थांबव, मी उतरतो, आता बरं वाटायलंय मला."

इथवर ठीक होतं हो. खरं रामायण पुढंच हाय.

आमची तनुजा, माझी धाकटी बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवती, अंगानं अशी की फुंकर मारली तर गच्चीवर जाऊन बसंल. तिचं लग्न ठरलं फुलंब्रीला. नवरदेव सम्यक, जनावरांचा डॉक्टर. सासरे आप्पासाहेब, रिटायर हेडमास्तर, शिस्तीचे एवढे की त्यांच्या घरात घड्याळसुद्धा त्यांना विचारून पुढं सरकतं. बोलणी करायला आले तेव्हाच म्हणले, "पाहुणे, आपल्यात मुहूर्त नसतो. पण वेळ असते!"

अन् सगळे गेल्यावर तनुजा मला म्हणती, "दादा, लग्नाला मला तुझ्या लाल गाडीतनं ने." माझ्या डोळ्यात पाणी! घरादारात त्या गाडीला चांगलं म्हणणारं एकच माणूस, अन् तेच चाललेलं. म्हणलं, नेतो! जगात काय बी होऊ दे, नेतो!

उजाडला दिवस. वऱ्हाड बसनं पुढं गेलं, बाबा त्यांच्यासंगं, ड्रायव्हरला रस्ता सांगायला. मागं आमची गाडी, फुलांनी सजवलेली. तनुजा पांढऱ्या साडीत, गजरा, डोळ्यात काजळ. मी कोट घातलेला. काय दिसत होती राव! गाडी! म्हणजे तनुजा बी दिसत होती, पण गाडी!

निघणार, तेवढ्यात आई. चंपाबाई. "मी लेकीसंगंच येणार!" म्हणलं आई, मागं जागा नाय, मागं फक्त पिशवी मावती. म्हणती, "तुला नऊ महिने मावून घेतलं ना मी?" कोंबली आईला मागं. वर तिच्या मांडीवर पेढ्याचं खोकं. गाडी हलवली, अन् खर्रर्र नाय हो, आता तर खर्रर्र-धाड-खर्रर्र! आई मागनं विचारती, "राजेंद्र, दळण चालू हाय का कुठं?"

सावंगीला स्पीडब्रेकर आला. तुमच्यासाठी तो स्पीडब्रेकर असंल, माझ्यासाठी तो डोंगर. "उतरा," म्हणलं, "दोघी उतरा." आता बघा, भर रस्त्यात नवरी साडी सावरत उतरती, चालत स्पीडब्रेकर ओलांडती, मागनं तिची आई पेढे घेऊन, अन् मी गाडी तिरकी, कोपरा-कोपरा करत काढतोय, जशी काय पाण्यातनं म्हैस काढावी. पलीकडं गेलो की दोघी परत बसतात. पुढच्या ब्रेकरला परत उतरा. परत बसा. रस्त्याकडंला पेरू विकणारी एक कडूबाई होती, तिनं हात गालावर ठेवून विचारलं, "बया बया, नवरीला सासरी चालवतच नेता व्हय रं?"

तेवढ्यात मागनं आमच्या मावशीची जीप आली. आई म्हणती, "मी जाते हिच्यात, माझं कंबरडं राहिलं नाय." पेढे घेऊन गेली. म्हणलं चला, वजन कमी झालं, आता आवाज बंद! तुम्हाला सांगतो, चौका गावाच्या चढाला लागलो अन् आवाज तर आलाच, वर वास! रबर जळाल्याचा वास, अन् उजव्या टायरमधनं निळा धूर! अन् त्याच वेळी फोन. आप्पासाहेब. "पाहुणे, कुठपर्यंत?" मी म्हणलं, "आलोच!" ते म्हणले, "'आलोच' हे ठिकाण कुठं येतं? बौद्धाचार्यांना इथून दुसऱ्या लग्नाला जायचंय. वधूशिवाय वंदना सुरू करू काय?"

गाडी कडंला घेतली. टायरला हात लावला तर चटका! आजून थोडं चालवलं असतं तर फुटलाच असता. तनुजा खाली उतरली. मला वाटलं आता रडती. म्हणलं माझ्यामुळं हिचं लग्न मोडतंय का काय, कोणत्या तोंडानं बाबांसमोर जाऊ! घाम कोटाच्या बाहेर आला माझ्या. अन् ती टायरकडं बघती, माझ्याकडं बघती, परत टायरकडं, परत माझ्याकडं... अन् शांतपणे म्हणती, "दादा, चावी दे."

"कशाला?"

"तू उतर."

"उतरलोच हाय की!"

"मग उतरलेलाच राहा."

मी म्हणलं, वेडी का काय तू? नवरी हायस तू! लोकं काय म्हणतील? ती म्हणती, "उशीर झाला तर काय म्हणतील ते ऐकायचंय का?" पदर कमरेला खोचला, गजरा मागं टाकला, सीट पुढं ओढली, बाबांनी शिकवलेलं होतंच तिला, अन् टाकला गिअर!

अन् तुम्हाला सांगतो... आवाज नाय. काहीच नाय! इतक्या महिन्यात पहिल्यांदा! गाडी अशी गेली, अशी गेली, की चौक्याचं वळण, ते बी उजवं वळण हो, तिनं गाणं म्हणावं तसं घेतलं. मी कडंला उभा. मी माझी गाडी बाहेरनं पळताना कधी बघितलीच नव्हती! मी कायम आतच असायचो ना! मागनं ते चार रुंद टायर, ती फुलं, काचेतनं तिचा पांढरा पदर... लग्न, उशीर, आप्पासाहेब, सगळं विसरलो. एकटाच टाळ्या वाजवत वरडलो, "काय दिसती राव!"

मग ध्यानात आलं की आपण लग्नाला जायचं राहिलोय.

एक टेम्पो मिळाला. पाण्याच्या जारचा. जार नेमके आमच्याच लग्नाला चाललेले! मागं बसलो, एक जार मांडीवर, एक पाठीला. हॉलच्या गेटवर आलो, तर तिथला माणूस म्हणतो, "जारवाले मागच्या गेटनं." म्हणलं, मी नवरीचा भाऊ! तो म्हणतो, "सगळे असंच म्हणतात."

मागच्या गेटनं आत गेलो. तनुजा स्टेजवर, सम्यकशेजारी, पंचशील चालू. वेळेत! मला रडूच आलं. शेजारी बाबा उभे, त्यांचे बी डोळे भरलेले. मी हात धरला, म्हणलं, बाबा, चालली हो आपली तनू. बाबा म्हणतात, "त्याचं नाय रे... तिनं गाडी गेटातनं रिव्हर्स घेतली, एका दमात! एका दमात! चाळीस वर्षात मला असली रिव्हर्स जमली नाय!" समद्या फुलंब्रीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणं. बँडवाले वाजवायचं विसरले. अन् आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, अन् एवढंच म्हणले, "वेळेत."

पाठवणीला आईनं सकाळपासनं रडं साठवून ठेवलेलं. पण रडायचं कुणाजवळ? नवरी ड्रायव्हर सीटवर! शेजारी सम्यक, तो बी बारीक, म्हशींनी लाथा घालून घालून बारीक केलेला. हॉर्न वाजवला, काचेतनं हात हलवला, अन् गेली बी! आई हुंदका तोंडात धरून तशीच उभी.

अन् गाडी? गाडी फुलंब्रीलाच हाय हो. आणायला गेलो होतो, बसलो, खर्रर्र झालं, तर आप्पासाहेबच बाहेर आले पळत, "पाहुणे, उतरा, उतरा, कशाला त्या मुक्या जिवाला त्रास देता!" तनुजा आता तिच्यातनंच शाळेत जाती. तुम्ही म्हणाल, मग राजूभाऊ, जुने बारीक टायर लावा की परत! लावू? बगळ्याचे पाय? अहो तुम्ही बघितली नाय तिला त्या वळणावर, म्हणून बोलता!

त्यापेक्षा मी दर रविवारी जातो. तनुजा चहा टाकती, मी अंगणात बसून गाडी पुसतो, चारी टायर चमकवतो. अन् आप्पासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून, पेपर बाजूला धरून, माझ्यावर नजर ठेवून असतात, "पुसा पाहुणे, निवांत पुसा... फक्त टेकू नका."