लेखकाला दहा प्रती

पुतणी : …म्हणून तुमची वकील या नात्याने शेवटचं विचारते, काका. कागद कोणी दिले तेवढं सांगा, खटला मागे घेतो असं सरकारी वकील म्हणतात.

काका : आणि मीही शेवटचं सांगतो, नाही. पुढचं वाच.

पुतणी : काय वाचू, कपाळ? हे तुमचं आरोपपत्र. ‘आरोपी प्रकाशकाने पान ▇▇ वर ▇▇▇▇▇▇ ही गुप्त माहिती छापून ▇▇▇▇ धोक्यात आणले.’

काका : अगं, पुस्तक मी छापलं, आता माझ्यापासूनच लपवतात? दारूगोळ्याचं कोठार वीज पडून उडालं नाही, आतला माल सडला होता, हे तीन हजार लोकांनी वाचलंय!

पुतणी : न्यायाधीशांनी नाही. त्यांना अजून परवानगी आलेली नाही.

काका : न वाचता मत देणारे समीक्षक पाहिलेत. न वाचता शिक्षा देणारा हा पहिलाच.

पुतणी : विनोद कोर्टात करा, जामीनही जाईल. त्यांच्याकडे नाव नाही, म्हणून तो माणूस अजून घरी आहे. काकू, झडतीत काय काय नेलं?

काकू : ही यादी. संगणक, प्रुफं, माझी रवानगीची वही…

पुतणी : कसली वही?

काकू : पुस्तकं कोणाकोणाला पाठवली त्याची. दुकानं, ग्रंथालयं, लेखकांच्या प्रती.

पुतणी : या पुस्तकावर लेखकाचं नावच नाही.

काकू : म्हणून काय झालं? ▇▇▇▇ भावोजींना…

पुतणी : नाव घेऊ नका!

काका : तू त्यांना प्रती पाठवल्यास?

काकू : ओरडू नका. लेखकाला दहा प्रती. तीस वर्षं तुमचाच नियम आहे.

काका : अगं, त्यांनी ते कागद भाजीच्या पिशवीत तळाशी घालून आणले होते!

पुतणी : पत्ता कुठला घातलात?

काकू : घरचा. कचेरीत पाठवणं बरं दिसलं नसतं.

पुतणी : आणि पोच?

काकू : वहीत चिकटवलीय. पूर्ण सही, खाली हुद्दा.

काका : हुद्दाही! शाबास. दोघेही एका माळेचे मणी.

पुतणी : थांबा. वही यादीत एकशे बारावी आहे. ते एकेक वस्तू क्रमाने तपासतात. काल साठाव्यावर होते.

काका : मग फोन लाव त्यांना.

पुतणी : तुमचा फोन ते ऐकतात. माझाही.

(काकू चपला घालतात.)

पुतणी : काकू, कुठे… नको. मला सांगूच नका.

काका : तू थांब, मी जातो.

काकू : तुम्ही निघालात की फाटकाजवळ पाळतीवर बसवलेला तो पोलीस मागे लागेल. माझ्याकडे तो मान वर करूनही बघत नाही.

काका : अगं पण काय सांगशील त्यांना?

काकू : आधी माफी मागीन. मग सांगीन, ‘केव्हाही न्यायला येतील, चष्मा नि गोळ्या खिशातच ठेवा.’ तुम्हाला पोलिसांनी नेलं तेव्हा मला ते सुचलं नव्हतं.