पहिला नंबर आमच्या अंगणवाडीचा

जन्म माझा राहुरीकडचा, लगीन होऊन आले ती कोल्हारच्या अलीकडं नदीकाठच्या वस्तीवर, आन् काय सांगू तुमाला, अंगणवाडीत मदतनीस म्हनून लागले तवा पत्र्याला भोकं इतकी की कावळे वरून मान घालून पोरांच्या खाऊची सुकडी मागायचे, खोटं न्हाई सांगत. गावातली अंगणवाडी म्हंजी फरशीची, भिंतीवर हत्ती, मोर, समदं. आमच्या भिंतीवर नुसती ओल. तिथली मदतनीस शेवंता बाजारात भेटली की इचारायची, काय हिराबाई, वाऱ्यानं पोरं उडाली का न्हाई? मी म्हनायचे, उडत्यात गं, जेवायला परत येत्यात.

हसायचे, पण आत सलायचं. मग एकदा सुपरवायझर बाई म्हनाल्या, एकाच दिवशी दोनी अंगणवाड्या बघनार, पोरांची वजनं घेनार, वजनाच्या तक्त्यावर लाल रेघेखाली, म्हंजी लईच कमी वजनाचं, एकबी पोर नसंल तिचा पहिला नंबर. आमच्यात एकच हुती तशी, कांताची सुमन, तीन वर्साची, उचलली तर चिमनीएवढी. लाल रेघेखाली म्हनून तिला सुकडी दुप्पट, डाक्टरबी तिला आधी बघायचा.

वजनाच्या दिवशी सकाळीच मी कांताला म्हनले, आज पोरीला आनू नको. माझी नात पिंकी अशी ढब्बू की काट्याच्या झोळीत बसली की वरचं आढं कन्हायचं. तिला एकदा पिंकी म्हनून टांगली, मग भिंतीआड नेऊन झबलं बदललं, दोन शेंड्या बांधल्या आन् सुमन म्हनून टांगली. पिंकी म्हनती, आजी, परत झोका? सुपरवायझर बाई म्हनाल्या, हिला मघाशी बघितल्यागत वाटतंय. मी म्हनले, बाई, आमच्या वस्तीची समदी पोरं एकाच साच्यातली. आमच्या सेविकाबाईंनी माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आन् लिवलं.

पहिला नंबर आला. शेवंताचं त्वांड बघायला पायजे हुतं तुमी!

पुढल्या महिन्यापासून सुमनची दुप्पट सुकडी बंद. डाक्टर आला, तक्ता बघून पुढं गेला. आठ दिवस मी पदराखालून मूठभर जादा दिली, मग इसरले. व्हय, इसरलेच. पावसाळ्यात तिला जुलाब लागले, कांतानं एसटीडीवरून टेम्पो बोलावला, श्रीरामपूरच्या वाटंवरच पोर गेली.

तेराव्यानंतर कांता आली, तक्त्यावर बोट ठिवून म्हनली, हिराबाई, हितं तर माझी पोर चांगली हुती की. येवढंच.

आता आमच्याकडं पत्रा नवा हाय, भिंतीवर हत्तीबी आलाय. कांताला दुसरी पोरगी हाय. आमची अंगणवाडी तिच्या घरापासनं चार पावलांवर, तरी ती पोर कडेवर घेऊन रोज आमच्या दारावरून गावातल्या अंगणवाडीत चालत जाती. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसते, मान वर करत न्हाई. परवा शेवंता म्हनली, कांताची ही पोरबी बारीकच हाय गं, लाल रेघेखाली, आमच्या बाईंनी तसंच लिवलंय.

मी म्हनले, लिवू दे. तसंच लिवू दे, माझे बाई.