शालूतली बाई

छाया : हसू नका मामा. माझ्या प्रदर्शनातला मेन फोटो हाय हा. नुसती शालूतली बाई, मानेच्या वर काय नाय. हिचं नाव सांगा.

सुरेंद्रमामा : नाव कशाला गो? मुंडकंच नाय तिला! किन्हवलीपासून कसाऱ्यापर्यंत जी म्हातारी गेली, तिचा मतदान कार्डावरचा चेहरा कापायचा, या शालूवर बसवायचा, वर हार. माझ्या स्टुडिओत तूच बसवायचीस ना कम्प्युटरवर? तिथनंच आर्टिस्ट झालीस!

छाया : म्हनून तर. आता हे भिंतभर दाखवनार, त्या म्हाताऱ्यांच्या घरच्यांच्या आवाजासकट. पन त्या बाईला विचारल्याबिगर लावनार नाय.

सुरेंद्रमामा : हिरॉइन होती. माळशेजला शूटिंगला आलेली.

छाया : मागच्या टायमाला नाशिकची नर्स म्हनालात.

सुरेंद्रमामा : नर्सचीच हिरॉइन झाली!

छाया : मामा, मी आठवीत असताना आई गेली. तिचा फोटोपन तुमीच केलेला. चेहरा आईचा, नि मनगटावर डाग. आईला डाग नव्हता. तवापास्नं डोक्यात हाय, हात कोनाचा?

(सुरेंद्रमामाची बायको लहानी चहा घेऊन येते.)

लहानीमामी : तूच छाया होय? आज आलीस घरी! स्टुडिओतच भेटायचीस तू यांना, मी नुसतं नाव ऐकलेलं. घे, बशीत ओत.

छाया : मामी... मनगटावर काय झालं हो?

लहानीमामी : भाकरीचा तवा लागलेला. लगीन झालं त्याच वर्साला. का गो?

सुरेंद्रमामा : साखर कमी पडली बघ चहात.

लहानीमामी : तोंडाला लावला तरी का? बोल गो तू.

छाया : हा फोटो बघा.

लहानीमामी : अगो बाय! नंदेचा शालू हा! मीच हाय ही! अवो, फोटो जळला म्हनालेलात ना? डोकं कुठाय माझं?

सुरेंद्रमामा : डोळे मिटलेस तू ऐन टायमाला. म्हटलं, शालू तरी कामाला येईल.

लहानीमामी : म्हंजे शेजारच्या देवजीच्या आईच्या फोटोला मी वाकून पाया पडले, ती मीच?

सुरेंद्रमामा : मी मागं उभा होतो. हसू दाबून दाबून पोटात दुखलं!

लहानीमामी : मेल्या! मलापन कसं कळलं नाय? तोंडाकडंच बघतो ना मानूस.

छाया : मामी, तुमी नको म्हनालात तर नाय लावनार.

लहानीमामी : तुझ्या आईच्या फोटोतपन मीच?

छाया : हो.

लहानीमामी : काय करायचीस गो तू? बघत बसायचीस?

छाया : हातावर हात ठेवायची. काच गार लागायची.

लहानीमामी : लाव जा फोटो. नि ती बशी ठेव खाली. हा हात धर आधी.