धुरपदाबाईचं भरीत

...तर सन एकोणीसशे एकतीस, मार्गशीर्षातली चंपाषष्ठी, आणि मला चार दिवसांचं पडसं. हे आधी ध्यानात घ्या, कारण तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही, नि तिथंच सगळं बिघडलं. तुम्हाला सांगतो, चवीच्या नादी माणसानं लागू नये.

आमच्या असोद्यात चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला पहिलं भरीत, शेतात, सगळ्या भाऊबंदांची पंगत. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची ती धुरपदाबाईनं. विधवा बाई, गावच्या पंगतींचं रांधण्यावरच तिचं घर चाले. आणि पहिला घास माझा. का? तर चवीचं तोताराम आबांना कळतं! हे ठरवलं कुणी? मीच ठरवलं असणार, दुसरं कोण...

घास घेतला. काही लागेना. धूर नाही, मिरची नाही, ओली माती चावावी तसं. पडसं झालंय म्हणावं, तर मान खाली जाते ना? म्हणालो, "चव नाही."

झालं. माझा चुलतभाऊ भाईदास म्हणे मीठ कमी, शेजारचा नथ्थू म्हणे मीठ जास्त, आणि दोघं तिसऱ्यांदा वाढून घेत होते! धुरपदाबाई पदराला हात पुसत उभी.

घरी येऊन गूळ तोंडात टाकला. त्यालाही चव नाही. आमची बायको झुंबरबाई म्हणाली, "गूळ पण तिनंच केला काय?"

तेव्हाच उठून धुरपदाबाईकडे जायला हवं होतं. नाही गेलो. बोललेला शब्द मागे घेणं आमच्या घरात नाही... वर्षभर बाईला कुणी बोलावलं नाही, लोकांच्या शेतात कापूस वेचू लागली. आणि गाव ती गोष्ट चवीनं सांगतंय, पारावर गप्पांना चव, ओट्यावर भांडणाला चव, चव नाही ती फक्त तिच्या हाताला! तुम्हाला सांगतो, चवीच्या नादी लागू नये.

पुढच्या चंपाषष्ठीला भरताला बोलवायला तिच्या दारी गेलो. "येईन," म्हणाली, "पण आबा, घासाआधी बोला. मागून नको."

पंगत बसली. साठीचा माणूस मी, उभा राहिलो. म्हणालो, "गेल्या साली मला पडसं होतं. भरीत चांगलं होतं."

"मी तेव्हाच म्हणत होतो," भाईदास.

धुरपदाबाईनं वाढायचं भांडं खाली ठेवलं. "आबा, बायकांच्या पंगतीत ऐकू गेलं नाही."

पुन्हा बोललो, मोठ्यानं. देणं फिटलं.